फोटो एडिटिंग ॲपची जाहिरात आणि डोळ्यांत पाणी : चवथीच्या कॅम्पेनसाठी मतं हवीत

मांडवीकाठ

नमस्कार मंडळी. मी पणजीत एका छोट्या जाहिरात एजन्सीत कॉपी लिहितो, हॉटेलं, बिल्डर, शाळांच्या ॲडमिशनचे बॅनर असलं काम जास्त. आता पहिल्यांदाच एका फोटो एडिटिंग ॲपचं काम आलंय (नाव सांगता येणार नाही, करार आहे) आणि त्यांना चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) आधी गोवा आणि सिंधुदुर्गसाठी मराठीतून रील्स हव्यात. ब्रीफ मोठं आहे पण मीटिंगमध्ये त्यांचा माणूस एकच गोष्ट परत परत सांगत होता, फीचर दाखवू नका, लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं पाहिजे, पाणी आलं की डाऊनलोड होतोच.

यात नवीन काही नाही. फोटोचा धंदा आधीपासून असाच चाललाय. कोडॅकने १८८८ मध्ये "बटण तुम्ही दाबा, बाकीचं आम्ही बघतो" म्हणत सोय विकली, पण नंतर कित्येक दशकं त्यांच्या जाहिरातीत वाढदिवस, सुट्ट्या, मोठी होत जाणारी पोरं हेच असायचं, रोल आणि कागद त्याच्या जोरावर खपला. गूगलची २०१३ ची आपल्याकडची जाहिरात आठवते का, दिल्लीतले आजोबा नातीला जुना फोटो दाखवतात, फाळणीत तिकडे लाहोरला राहिलेला मित्र, आणि नात सर्च करून करून त्याला शोधून काढते. ती बघताना माझा आजही घसा दाटतो. २०२० मध्ये अमेरिकेत सुपर बोलला (तिकडच्या फुटबॉलची फायनल) त्यांनीच एका म्हाताऱ्या माणसाची जाहिरात केली होती, बायको गेलेली, तो गूगलच्या बोलक्या असिस्टंटला सांगत असतो तिच्याबद्दल हे लक्षात ठेव, ते लक्षात ठेव, आणि स्क्रीनवर तिचे फोटो येत राहतात. आवाज त्यांच्याच एका कर्मचाऱ्याच्या ८५ वर्षांच्या आजोबांचा होता. दोन्हीत मला एक गोष्ट सारखी दिसते, आपल्याला रडू येतं त्याच क्षणी प्रॉडक्ट आपलं खरं काम करत असतं. सर्च माणूस शोधून देतो, असिस्टंट आठवण सांभाळून ठेवतो. म्हणून ते रडू उसनं वाटत नाही.

फोटो ॲपवाल्यांच्या जाहिराती बघायला मेटाची (फेसबुक-इन्स्टावाले) ॲड लायब्ररी, म्हणजे त्यांच्याकडच्या जाहिरातींचा साठा, उघडून बसलो (कोणालाही बघता येते, नाव टाकून शोधा). आजीचा फाटका फोटो, बोटाने स्लायडर सरकवला की आजी लख्ख, आणि फोन हातात घेतलेली बाई हुंदके देतेय. गेलेले वडील मुलीला मिठी मारतायत. मग ती तिसरी तऱ्हा, मुरूम असलेली मुलगी, कोणी तिच्याकडे बघत नाही, ॲप वापरलं आणि सगळे बघायला लागले. ती तिसरी मी लिहिणार नाही हे क्लायंटला सांगून झालंय. पण पहिल्या दोनबद्दल माझंच मन ठरत नाहीये. तुम्ही अशी ॲप वापरली असतील, जाहिरात बघून रडला असाल, तर पुढे काय झालं ते सांगा. मला ते लिहिताना उपयोगी पडेल.

फोंड्याची_सून

मी वापरलंय आणि जाहिरात बघूनच घेतलं होतं. पावसात अल्बमांचं काय होतं ते गोव्यात राहणाऱ्याला वेगळं सांगायला नको, तो चिकट पानांचा अल्बम असतो ना वरून प्लास्टिक लावायचा, त्यात आमचे बहुतेक फोटो अडकून बसलेत, वर पांढऱ्या बुरशीचे ठिपके, कडा कसरीने खाल्लेल्या. त्यात सासूबाईंच्या आईचा एकच फोटो, लिबरेशनच्या आधीचा म्हणजे १९६१ च्या आधीचा, काळापांढरा, नऊवारीत उभी, अंबाड्यावर अबोलीची फाती (गजरा). तो एकच आहे, दुसरा कुठे कोणाकडे नाही.

तर मी तो ॲपमध्ये टाकला. बुरशी गेली, फाटलेला कोपरा भरला, रंग आला. मला खरंच भरून आलं, जाहिरातीत दाखवतात अगदी तसं. फोन सासूबाईंना दिला. त्यांनी चष्मा लावला, फोन जवळ घेतला, लांब धरला, परत जवळ घेतला आणि विचारलं "ही कोण गे?"

मग मी नीट बघितलं. त्यांच्या आईला लहानपणी देवी आल्या होत्या, गालावर आणि कपाळावर व्रण होते, ते ॲपने डाग समजून पुसून टाकले. फातीचं काय झालं होतं तर केसांना लावायचा गुलाबी कापडी पट्टा. अबोलीचा रंग त्याला कुठून कळणार. आणि डोळे, डोळे छान होते, एकदम स्वच्छ, पण ते तिचे नव्हते. सासूबाई म्हणाल्या "आईच्या गालाला हात लावला की खडबडीत लागायचं, ते कुठं गेलं?" मूळ फोटो आता त्यांनी देवघराच्या कपाटात ठेवलाय आणि तो दुसरा मला डिलीट करायला लावला.

मांडवीकाठ, तुमच्या जाहिरातीत हा प्रसंग कोणी घेणार नाही हे मला माहीत आहे. पण रडणारी बाई दाखवताय तर ती खरंच कोणाचा चेहरा बघून रडतेय हे एकदा विचारात घ्या.

म्हाताऱ्याचा_स्टुडिओ

फोंड्याची सून, तुमचं वाचून बराच वेळ बसून राहिलो. म्हापशात आमचा स्टुडिओ होता, वडिलांचा आणि मग माझा, आता बंद आहे. रीटचिंग काही कॉम्प्युटरने आणलेलं नाही. निगेटिव्हवर आम्ही अणकुचीदार पेन्सिलने काम करायचो, उजेडाच्या डेस्कवर निगेटिव्ह ठेवून डोळ्याला भिंग लावून, सुरकुती हलकी करायची, डोळ्याखालचा काळेपणा कमी करायचा. काळ्यापांढऱ्या प्रिंटवर हाताने रंग भरायचो, गालाला, ओठाला, साडीला. म्हणजे आम्हीही खोटं करतच होतो असं कोणी म्हणेल.

फरक इतकाच की गिऱ्हाईक समोर उभं असायचं. साडी कुठल्या रंगाची होती, कुंकू किती मोठं लावायची, फुलं अबोली की शेवंती, हे वडील कागदावर लिहून घ्यायचे आणि मग ब्रशला हात लावायचे. देवीचे व्रण असले तर विचारायचे, ठेवू की हलके करू. बहुतेक लोक "ठेवा" म्हणायचे, विशेषतः माणूस गेलेला असला की. जिवंत माणूस स्वतःचे व्रण काढायला सांगायचा, पण गेलेल्या माणसाचे व्रण घरच्यांना हवे असायचे.

माझं मांडवीकाठना सांगणं असं की ॲपला हे विचारता येतं का ते आधी क्लायंटला विचारा. फुलांचा रंग कोणता, हा डाग ठेवायचा का पुसायचा, इतकं जरी विचारलं तरी तुमची जाहिरात तिथेच तयार आहे. आजीजवळ बसून नातू विचारतो, साडी कोणत्या रंगाची गे? आणि आजी सांगते. बोलता बोलता तिला दहा गोष्टी आठवतात. खरं रडू तिथं आहे, स्लायडर सरकवण्यात नाही.

मांडवीकाठ

दादा, हे फारच मोलाचं आहे. बुरशी, चरे, फाटलेल्या कडा इतकंच काढायचं आणि चेहऱ्याला हात लावायचा नाही असं वेगळं सेटिंग त्यांच्या ॲपमध्ये आहे हे मला माहीत आहे, पण ते मेनूत तीन पायऱ्या आत पुरलंय कारण डेमोमध्ये ते फिकं दिसतं. रंगाचं विचारून बघतो.

डोनापावला_ते_बेंगळुरू

मी याच धंद्यात आहे, परफॉर्मन्स मार्केटिंग (जाहिरातीतून किती डाऊनलोड झाले ते मोजत चालणारं काम), फोटोवाल्यांचंही काम केलंय, म्हणून आतून कसं चालतं ते सांगतो. कोणी बसून ठरवत नाही की लोकांना रडवूया. एकाच वेळी ढीगभर व्हिडिओ सोडतात, सुरुवातीचे तीन सेकंद वेगवेगळे, आणि ज्यात डाऊनलोड स्वस्त पडतो तो राहतो, बाकीचे बंद. त्यात आजी, गेलेले वडील, जुना फोटो हे जिंकत राहतं म्हणून तुम्हाला लायब्ररीत तेच तेच दिसतं. आवाज बंद असताना कळलं पाहिजे, म्हणून रडणारा चेहरा, शब्द नाहीत.

पण मोठा फायदा जाहिरातीतून नाही, ॲपमधून बाहेर पडणाऱ्या फोटोतून होतो. २०२३ च्या जुलैमध्ये रेमिनी हे फोटो ॲप अमेरिकेच्या ॲप स्टोअरवर पहिल्या नंबरला गेलं, त्याच सुमारास ते जोडप्यांचे सेल्फी घेऊन त्यांचं होणारं मूल कसं दिसेल ते दाखवत होतं आणि लोक स्वतःच ते टाकत सुटले. त्याआधी २०२१ मध्ये मायहेरिटेज या वंशावळीच्या साइटने जुन्या फोटोतले चेहरे हलवून दाखवले, पणजोबा मान वळवतायत, डोळे मिचकावतायत, तेही असंच पसरलं. आणि २०२५ च्या सप्टेंबरात आपल्याकडे गूगलच्या जेमिनी एआयवर जुन्या पद्धतीच्या साडीतले फोटो आणि लहानपणीच्या स्वतःला मिठी मारतानाचे फोटो, माझ्या घरच्या ग्रुपवर काकूपासून भाच्यापर्यंत सगळ्यांनी टाकले. तिथं भावना हीच प्रॉडक्ट म्हणून बनवलेली आहे, जाहिरातवाल्याला वेगळं काही करायचं राहतच नाही.

मला ज्याचा राग येतो ते वेगळंच आहे. पैसे कुठे मागतात बघा. फोटो टाकला, ॲपने काम केलं, आजीचा चेहरा अर्धा दाखवला आणि बाकीचा धूसर. त्यावर "तीन दिवस मोफत". खाली घड्याळ उलटं चालतंय. आणि नको म्हणायचं बटण फिकट अक्षरात, "नको, माझी आठवण अशीच राहू दे". माणूस त्या क्षणी हिशोब करूच शकत नाही आणि हे त्यांना माहीत असतं, ती स्क्रीन तिथंच ठेवायची हे टेस्ट करूनच ठरलेलं असतं. माझ्या मावशीने असंच दाबलं, एक फोटो नीट करायचा होता, आणि मग आठवड्याच्या आठवड्याला पैसे कापले जायला लागले. तिला वाटलं वर्षाचे आहेत. मांडवीकाठ, तुझी रील कितीही मनापासून लिहिलीस तरी ती माणसाला आणून त्या स्क्रीनसमोर उभं करणार आहे. ती स्क्रीन बघितल्याशिवाय स्क्रिप्ट देऊ नकोस.

कायदा_आणि_काजू

ह्यावर कायद्याचं थोडं सांगतो. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ ला डार्क पॅटर्नवर (ग्राहकाला फसवून नको ते करायला लावणारी स्क्रीनची मांडणी) मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यात १३ प्रकार दिलेत. खोटी घाई (ते उलटं घड्याळ), नको म्हणणाऱ्याला लाज वाटेल अशी भाषा (ते "माझी आठवण अशीच राहू दे"), सबस्क्रिप्शनचा सापळा, तिन्ही त्या यादीत आहेत. म्हणजे वर सांगितलेली एकच स्क्रीन तीन ठिकाणी अडकू शकते.

मावशींसाठी: रिझर्व्ह बँकेच्या नियमाने आपोआप कापल्या जाणाऱ्या पैशांची सूचना निदान २४ तास आधी यावी लागते, ती मेसेजमध्ये येते आणि आपण बघत नाही. ॲप डिलीट केलं म्हणून सबस्क्रिप्शन बंद होत नाही, प्ले स्टोअरमध्ये जाऊन सबस्क्रिप्शन रद्द करा, यूपीआय असेल तर यूपीआय ॲपमध्ये ऑटोपेमध्येही बघा. नाही सुटलं तर १९१५ वर फोन, ती राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईन आहे.

आणि मांडवीकाठ, जाहिरातीत दाखवलेला "नंतर"चा फोटो खरोखर त्याच ॲपने केलेला असला पाहिजे. डिझायनरने बसून हाताने सुधारलेला फोटो ॲपच्या नावावर दाखवला तर ती सरळ दिशाभूल. रडणारी बाई पैसे देऊन आणलेली नटी असेल आणि तुम्ही ती खरी ग्राहक म्हणून दाखवणार असाल तर तेही तसंच. एजन्सीसुद्धा जबाबदार धरली जाऊ शकते, फक्त कंपनी नाही.

बोटीवर_आहेत_ते

मला थोडं दुसरं म्हणायचंय. माझे मिस्टर तारवटी, बोटीवर असतात, लग्न झाल्यापासून मोजक्या चवथी घरी झाल्या. दरवर्षी घरातला सगळा गोतावळा माटोळीखाली (गणपतीच्या वर फळं-पानं बांधलेली चौकट) उभा राहून फोटो काढतो आणि त्यात ते नसतात. गेल्या चवथीला दिराने ॲपमध्ये त्यांना फोटोत घातलं, मागच्या रांगेत, पांढऱ्या लेंग्या-झब्ब्यात, बरोबर त्यांच्या उंचीचे. तो फोटो त्यांना पाठवला. बोटीवर नेट मिळालं तेव्हा त्यांनी बघितला आणि मला फोन केला, खूप वेळ बोलले, आणि तो फोटो आता त्यांच्या केबिनमध्ये चिकटवलाय. तुम्ही याला खोटं म्हणा. मला ते खोटं वाटत नाही. आम्ही सगळ्यांनी त्यांची जागा मोकळी ठेवूनच तो फोटो काढला होता.

फोंड्याची_सून

बाय, खोटं अजिबात नाही गे. तुमच्यात आणि माझ्यात फरक हा की तुमचे मिस्टर आहेत, ते बघून सांगू शकतात की हो हा मीच. आमच्याकडे सांगणारं कोणी उरलं नाही, सासूबाई सोडल्या तर.

चवथीक_घरा

पण मग गेलेल्या माणसाला मिठी मारायला लावणं? माझ्या मामेभावाने वडील गेल्यावर वर्षभरात असा व्हिडिओ केला आणि मामीला दाखवला. मामी तिथून उठून गेली. त्याने चांगल्या मनाने केलं होतं. मामी नंतर एवढंच म्हणाली की ते असे कधी कोणाला मिठी मारत नव्हते. आमच्या घरांत ती पद्धतच नाही ना, वडील पाठीवर हात ठेवायचे, बस. ॲपला सगळे वडील सारखेच. मला वाटतं ही तऱ्हा तुम्ही जाहिरातीत घेऊच नका, बोटीवरचा नवरा घ्या, परदेशात गेलेला मुलगा घ्या, आखातातला भाऊ घ्या. गोव्यात असं घर शोधावं लागणार नाही.

डोनापावला_ते_बेंगळुरू

याच्याशी सहमत. आणि गूगलने पिक्सेल ९ फोनबरोबर २०२४ मध्ये जे काढलं, फोटो काढणाऱ्यालाही ग्रुप फोटोत घ्यायचं, त्याच्या मागची भावना फार साधी आणि खरी आहे. प्रत्येक घरात एक माणूस असतो जो सगळ्यांचे फोटो काढतो आणि कुठल्याच फोटोत नसतो. आमच्याकडे ती आई. तिचे मोजून फोटो आहेत आणि त्यातल्या निम्म्यात ती अर्धी कापलेली. इथं मेलेलं कोणी नाही, लाजवलेलं कोणी नाही, आणि फीचर जे करतं तेच जाहिरात सांगते.

लाजवण्याचं निघालंच म्हणून, फेसॲपचं २०१७ चं प्रकरण क्लायंटला सांग. चेहरा आकर्षक करणारा फिल्टर काढला आणि तो लोकांचा रंग गोरा करत होता, बोंब झाल्यावर कंपनीला माफी मागावी लागली. यंत्राला ज्या फोटोंवर शिकवलं तेच त्याला सुंदर वाटलं. आपल्याकडच्या सावळ्या मुलीला "सुंदर" बटण दाबल्यावर काय मिळतं हे आधी स्वतः दाबून बघ. नॉर्वेमध्ये तर जुलै २०२२ पासून जाहिरातीत शरीर किंवा त्वचा रीटच केली असेल तर तसं लेबल लावावं लागतं.

मांडवीकाठ

सगळ्यांचं वाचलं, दोन दिवस डोक्यात तेच होतं. क्लायंटला मेल गेलाय. त्यात मी लिहिलंय की मिठीवाला व्हिडिओ आणि सुंदर करणारी रील आमची एजन्सी करणार नाही, बाकी दोन करू.

पहिली रील: चवथीच्या आधी घराची साफसफाई चाललीय, फडताळातून अल्बम निघतो. नात खिडकीजवळ नेऊन फोटो काढते. ॲप बुरशी काढतं, फक्त बुरशी. मग आजी आणि नात, आवाजात फक्त आजीची उत्तरं. साडी? हिरवी. फुलं? अबोली. गालावरचं? "ते राहू दे." नाव आणि लोगो शेवटी, कोणी रडत नाही. दुसरी रील माटोळीखालचा फोटो, मागच्या रांगेत एक जागा मोकळी ठेवलेली, सगळे जण सरकून जागा करतायत एवढंच बराच वेळ दिसतं, आणि मग कळतं कोणासाठी. "बोटीवर आहेत ते" ताई, ही जागा मोकळी ठेवण्याची गोष्ट वापरायला तुमची परवानगी हवी, नाही म्हणालात तर काढून टाकेन.

दोन अटी घातल्यात. "नंतर"चा फोटो ॲपमधूनच निघालेला असेल, आम्ही हात लावणार नाही. आणि जुना फोटो दुरुस्त होऊन पूर्ण दिसेपर्यंत पैशाची स्क्रीन मध्ये येणार नाही, आली तर किंमत आठवड्याची आहे की वर्षाची ते मोठ्या अक्षरात. पहिली अट मान्य झाली. चेहऱ्याला हात न लावणारं सेटिंग पहिल्या स्क्रीनवर आणायलाही ते तयार झाले, रंग विचारण्याचं पुढच्या अपडेटमध्ये बघू म्हणतात. दुसऱ्या अटीवर मात्र त्यांचं म्हणणं आहे की ती स्क्रीन हलवली तर धंदा बसेल. मी सांगितलंय की ती हलली नाही तर पहिली रील मिळणार नाही. माझ्या बॉसला हे फारसं आवडलेलं नाही पण तो माझ्या बाजूने उभा राहिलाय.

बोटीवर_आहेत_ते

परवानगी आहे. मिस्टरांना विचारलं, तेही हो म्हणाले. फक्त तो नट मागच्या रांगेतच उभा करा, ते नेहमी मागेच उभे राहतात.

म्हाताऱ्याचा_स्टुडिओ

शूटिंगला जुना फोटो वापरणार असाल तर फ्लॅश मारू नका, खिडकीचा आडवा उजेड घ्या पण ऊन नको, आणि फोन फोटोला समांतर धरा नाहीतर चेहरा लांबट येतो. चिकट अल्बममधून फोटो ओढून काढू नका, दात साफ करायचा दोरा फोटोच्या मागून हळूहळू करवतीसारखा फिरवत न्या, सुटतो. सुटत नसेल तर तसाच राहू द्या, पानासकट फोटो घ्या. बुरशी ओल्या कापडाने पुसायला जाल तर वरचा थरच निघून येईल. आणि काम झाल्यावर परत त्याच अल्बममध्ये घालू नका, साध्या कागदाच्या पाकिटात, कोरड्या जागी.

फोंड्याची_सून

सासूबाईंना वाचून दाखवलं सगळं. त्या म्हणतात त्यांच्या आईचा फोटो रीलमध्ये चालेल, पण बुरशी काढल्यावर आधी त्यांना दाखवायचा, त्या हो म्हणाल्या तरच पुढे. आणि शूटिंग चवथीच्या तोंडावर नको, तेव्हा घरात नेवऱ्या आणि माटोळीचं सामान, पाय ठेवायला जागा नसते. श्रावण लागायच्या आत येऊन जा.

कायदा_आणि_काजू

फोटो वापरायची संमती लेखी घ्या, मराठीतून, एका पानात. कुठे वापरणार, किती काळ, आणि त्यांनी नको म्हटलं तर काढणार की नाही. ॲपच्या सर्व्हरवर तो फोटो राहणार की पुसला जाणार हेही क्लायंटकडून लिहून घ्या आणि त्याच कागदावर टाका. मसुदा मी करून देतो, मेसेज करा.